पगार सातला, बिल पाचला : क्रेडिट कार्ड घ्यावं की नको?

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या बऱ्याच कारखान्यांत पगार ७ तारखेला होतो. समजा, तिथल्या एका कामगाराने क्रेडिट कार्ड घेतलं आणि त्याच्या बिलाची शेवटची तारीख पडली ५. माणूस उधळ्या नाही, कुणाचा रुपया ठेवणारा नाही, पगारही बरा. पण ५ तारखेला खात्यात खडखडाट, आणि पैसे येणार दोन दिवसांनी. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराचं याहून अवघड. त्याचा पैसा वर्षातून एकदा, माल निघाला की येतो. कार्डाचं बिल मात्र दर महिन्याला दारात उभं.

म्हणून कार्डाचा विचार करताना आधी दोन तारखा कागदावर लिहून काढा : तुमच्या हातात पैसे कधी पडतात आणि बिल कधी भरायचं असतं. पगार किती, खर्च किती, पॉइंट किती मिळतात, हे सगळं त्यानंतर.

बिलाची तारीख आणि भरण्याची तारीख

बँक दर महिन्याला एका ठरलेल्या दिवशी तुमच्या खर्चाची यादी बंद करते आणि स्टेटमेंट काढते. त्यानंतर साधारण २० दिवसांनी पैसे भरायची शेवटची तारीख येते. ‘पन्नास दिवस बिनव्याजी’ असं जे सांगतात, ते या दोन तारखांच्या गणितातून येतं, आणि ते प्रत्येक खरेदीला मिळत नाही.

स्टेटमेंट २२ तारखेला निघतं असं धरा. २३ सप्टेंबरला घेतलेली वस्तू २२ ऑक्टोबरच्या बिलात येईल आणि पैसे भरायचे ११ नोव्हेंबरला. म्हणजे ४९ दिवस मिळाले. तीच वस्तू २२ ऑक्टोबरला घेतली असती तर त्याच बिलात आली असती आणि हातात उरले असते फक्त २० दिवस. मोठी खरेदी करायची असेल तर स्टेटमेंट निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता त्या ५ तारखेच्या अडचणीचं. बिलाचं चक्र बदलून मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या कार्डांविषयीच्या निर्देशांनुसार किमान एकदा तरी ही सोय बँकेला द्यावीच लागते. बँकेच्या ॲपमध्ये किंवा कस्टमर केअरला ‘बिलिंग सायकल बदला’ म्हणून विनंती टाका. पगार ७ ला होत असेल तर शेवटची तारीख ११-१२ च्या आसपास येईल असं चक्र मागा. मध्ये चार-पाच दिवस मोकळे हवेतच, कारण ७ तारीख रविवारी आली किंवा ठेकेदाराने पगार लांबवला तर तेवढी फट लागते.

शेवटची तारीख चुकली तर तीन दिवसांपर्यंत लेट फी लागत नाही आणि थकबाकी म्हणून सिबिललाही (कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी) कळवलं जात नाही, हाही नियम आहे. पण व्याजाची सवलत त्या तीन दिवसांत टिकेलच असं धरून चालू नका. ते कार्डाच्या अटींवर ठरतं.

‘मिनिमम ड्यू’ भरला की काय होतं

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात, म्हणून हा हिशोब रुपया-रुपयाने पाहू.

स्टेटमेंटवर दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक ‘टोटल अमाउंट ड्यू’, म्हणजे पूर्ण बिल. दुसरा ‘मिनिमम अमाउंट ड्यू’, जो बऱ्याच कार्डांवर पूर्ण बिलाच्या सुमारे ५ टक्के असतो. मिनिमम भरला की लेट फी लागत नाही आणि थकबाकीदार म्हणून नोंदही होत नाही. त्यामुळे माणसाला वाटतं, आपण बिल भरलं.

समजा, २५ सप्टेंबरला ३०,००० रुपयांचा फ्रिज कार्डावर घेतला. २२ ऑक्टोबरच्या बिलात पूर्ण रक्कम ३०,००० आणि मिनिमम १,५००. तुम्ही ११ नोव्हेंबरला १,५०० भरले. कार्डाचा व्याजदर महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. बाजारात हा दर सर्रास दिसतो.

पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी सवलत उडाली. व्याज ११ नोव्हेंबरपासून लागत नाही, ते खरेदीच्या दिवसापासून, २५ सप्टेंबरपासून लागतं. ३०,००० वर ४७ दिवसांचं व्याज झालं १,६२२ रुपये. उरलेल्या २८,५०० वर ११ ते २२ नोव्हेंबरचं ३६१. दोन्ही मिळून १,९८३. व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३५७ रुपये. आता २२ नोव्हेंबरचं बिल पाहा : २८,५०० अधिक १,९८३ अधिक ३५७, एकूण ३०,८४०.

पंधराशे भरले आणि देणं आठशे चाळीसने वाढलं.

याच फ्रिजचे तुम्ही ११ नोव्हेंबरला २९,००० भरले आणि फक्त हजार रुपये मागे ठेवले असते तर? ३०,००० वर ४७ दिवसांचं व्याज तरीही लागतंच. हजारावरचं किरकोळ व्याज आणि जीएसटी धरून आकडा येतो सुमारे १,९२९ रुपये. हजार रुपये मागे ठेवण्याची ही किंमत. त्यामुळे पूर्ण रकमेला हजार-पाचशे कमी पडत असतील तर घरातल्या कुणाकडून हातउसने घ्या, पण बिल पूर्ण भरा.

आणखी एक गोष्ट स्टेटमेंटवर बारीक अक्षरात असते. मागची बाकी आहे तोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. १५ नोव्हेंबरला घेतलेल्या किराण्यावरही १५ नोव्हेंबरपासूनच व्याज चालू. बाकी शून्य होईपर्यंत कार्ड खिशातून बाहेर काढायचं नाही, ते यासाठी.

व्याजाची गणना कशी होते याचं उदाहरण प्रत्येक बँकेच्या अटीपत्रकात छापलेलं असतं. कार्ड घेण्याआधी तेवढं एक पान वाचा. आणि कायद्याने व्याजाला कुठेतरी लगाम असेल या भरवशावर राहू नका. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज अनुचित आहे असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला.

यावरचा उपाय कार्ड हातात पडताच, पहिल्या दिवशी करायचा : खात्यातून आपोआप वजा होण्याची सूचना द्या, आणि तिथे ‘टोटल अमाउंट ड्यू’ निवडा. फॉर्मवर किंवा ॲपमध्ये दोन पर्याय असतात. घाईत ‘मिनिमम’वर खूण झाली की दर महिन्याला १,५०० मुकाट्याने जात राहतात आणि वर केलेलं गणित सुरू होतं. खूण कुठे झाली आहे, हे पहिल्या बिलाच्या वेळी खात्याचा उतारा उघडून तपासा.

बागायतदारासाठी वेगळा हिशोब

ऑक्टोबर छाटणी झाली की औषधं, खतं आणि मजुरी यांचा खर्च एकदम अंगावर येतो. माल निघतो जानेवारीनंतर, आणि व्यापाऱ्याचं पेमेंट कधीकधी आणखी लांबतं. अशा वेळी कृषी सेवा केंद्रात कार्ड स्वाइप करणं सोपं वाटतं.

समजा, १५ ऑक्टोबरला ६०,००० रुपयांची औषधं कार्डावर घेतली आणि पैसे हातात आले १५ मार्चला. मध्ये १५१ दिवस गेले. कार्ड फार तर पन्नास दिवस देतं, तेवढ्यात पूर्ण बिल भरलं नाही की व्याज खरेदीच्या दिवसापासून. वर्षाला ४२ टक्क्यांनी १५१ दिवसांचं सरळ व्याज १०,४२५, जीएसटीसह १२,३०० च्या घरात. व्याजावरचं व्याज यात धरलेलंच नाही. शिवाय मधल्या काळात दर महिन्याला मिनिमम भरायला रोख लागतेच, नाहीतर लेट फी लागते आणि सिबिलची नोंदही बिघडते.

तेच ६०,००० किसान क्रेडिट कार्डावर उचलले तर? नावात ‘क्रेडिट कार्ड’ असल्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो, पण ही पूर्ण वेगळी चीज आहे. १९९८ पासून चालू असलेलं हे पीककर्जाचं खातं आहे आणि त्याची परतफेड पिकाच्या हंगामाला धरून ठरते. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज लागतं आणि वेळेत फेडलं तर ३ टक्क्यांची सवलत मिळून ते ४ टक्क्यांवर येतं. १५१ दिवसांचं व्याज ७ टक्क्यांनी १,७३८ रुपये, ४ टक्क्यांनी हजाराच्या आत. फेडीची तारीख चुकली तर ती ३ टक्क्यांची सवलत जाते, एवढं मात्र सांभाळा.

हंगामी उत्पन्नाच्या घरात बँकेचं साधं क्रेडिट कार्ड शेतीच्या खर्चाला वापरूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. घरात कुणाचा मासिक पगार असेल, दूध संघाचे पैसे ठरावीक दिवशी जमा होत असतील, तर तेवढ्या रकमेपुरतं कार्ड चालेल. बागेसाठी नको.

मग कार्ड कुणी घ्यावं?

पगार ठरलेल्या तारखेला होतो, तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला पडलेला आहे, आणि पुढच्या काही वर्षांत घराचं कर्ज काढायचं मनात आहे, अशा माणसाने एक कार्ड जरूर घ्यावं. ज्याने कधीच कुठलं कर्ज घेतलं नाही, त्याच्याविषयी सिबिलकडे माहितीच नसते आणि गृहकर्जाच्या वेळी बँक चाचपडते. कार्ड वापरून वर्ष-दोन वर्षं बिल पूर्ण भरलं की ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर आपली नोंद तयार होते. कार्डावरच्या खर्चाची मर्यादा १ लाख असेल तर महिन्याचं बिल ३०,००० च्या आत ठेवणं बरं. सतत मर्यादेच्या टोकाशी खर्च दिसला तर गुण उतरतात. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवा आणि वाचा.

पगाराची स्लिप नसेल, म्हणजे गृहिणी, विद्यार्थी किंवा छोटा दुकानदार असाल, तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड आहे. २०-२५ हजारांची ठेव ठेवली की तिच्या साधारण ७५ ते ९० टक्के मर्यादा मिळते. ठेवीवर व्याज चालूच राहतं. कार्ड आहे तोवर ती ठेव मोडता येत नाही. पहिलं कार्ड म्हणून आम्हाला हेच सगळ्यात सुरक्षित वाटतं, कारण चूक झाली तरी ती ठेवीएवढीच होते.

पॉइंट आणि कॅशबॅकसाठी मात्र कार्ड घेऊ नका. साधं गणित करून पाहा. वार्षिक फी ५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५९०. कॅशबॅक १ टक्का असेल तर ५९,००० खर्च केल्यावर फी वसूल होते, फायदा त्यानंतर सुरू. आणि रविवार कारंजा किंवा मेन रोडच्या दुकानात ‘कार्डाने दिलं तर दोन टक्के जास्त लागतील’ असं ऐकलं की एक टक्का मिळवायला दोन टक्के गेले. तिथे रोख किंवा यूपीआयने पैसे द्या.

रूपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं. दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं, माणसामाणसांत पैसे पाठवायला चालत नाही. सोय चांगली आहे, पण चहा आणि भाजीही उधारीवर जायला लागते आणि महिन्याच्या शेवटी बिल पाहून धस्स होतं. ॲपमध्ये पहिलं खातं म्हणून बचत खातंच ठेवा. कार्ड ठरवून, हाताने निवडावं लागेल असं करा.

एटीएममधून कार्डावर रोख काढणं पूर्ण टाळा. त्याला बिनव्याजी दिवस नाहीतच, काढल्या क्षणापासून व्याज आणि वर वेगळी फी.

‘नो कॉस्ट ईएमआय’लाही खर्च असतो. २४,००० चा फोन, सहा हप्ते, दर १६ टक्के असं धरलं तर दुकानदार व्याजाएवढी, सुमारे १,०८० ची सूट देतो आणि बँक तेवढंच व्याज घेते. त्या व्याजावरचा जीएसटी, जवळपास १९५ रुपये, तुमच्या खिशातून जातो. प्रोसेसिंग फी १९९ अधिक जीएसटी असेल तर एकूण ४३० पर्यंत. आधी दुकानदाराला रोखीचा भाव विचारा, मग ठरवा. सराफ बाजारातल्या खरेदीला हा मार्ग नाही, सोन्याच्या दागिन्यांचा ईएमआय बँका करून देत नाहीत.

आणि मेहुणा, मित्र किंवा शेजारी यांनी ‘तुझ्या कार्डावर फोन घेऊन दे, मी दर महिन्याला देतो’ म्हटलं तर नाही म्हणा. वाईट वाटेल, पण बँकेच्या दृष्टीने ते कर्ज तुमचंच आणि सिबिलही तुमचंच. घरच्यांसाठी घेतलेल्या ॲड-ऑन कार्डाचंही तसंच.

मॉलमधलं टेबल आणि फोनवरचा आवाज

मॉलमध्ये किंवा कंपनीच्या गेटवर फॉर्म भरून घेणाऱ्याला तीन गोष्टी विचारा : फी पहिल्याच वर्षी माफ की कायमची, व्याजदर महिन्याला किती, आणि सोबत विमा किंवा आणखी काही जोडलं आहे का. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. न मागता कार्ड घरी आलं तर सुरू करू नका. तुमच्या संमतीशिवाय दिलेल्या कार्डावर शुल्क लावलं असेल तर बँकेला ते परत करावं लागतं आणि वर त्याच्या दुप्पट दंड द्यावा लागतो.

कार्ड आल्यावर ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद करा. टॅप करून ५,००० पर्यंत पिन लागत नाही, म्हणून ती मर्यादाही हवी तर कमी करा. ‘पॉइंट संपताहेत’, ‘मर्यादा वाढवून देतो’, ‘केवायसी राहिलंय’ म्हणून फोन आला किंवा व्हॉट्सॲपवर कुठलंही ॲप उतरवायला सांगितलं तर फोन ठेवा. ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्या माथी येतं. तुमची चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. म्हणून आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक करा, मग बँकेला कळवून तक्रार क्रमांक लिहून घ्या, मग सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. याच क्रमाने, आणि त्याच तासात.

अडकलात तर

८०,००० ची बाकी ४२ टक्क्यांनी महिन्याला २,८०० व्याज खाते, जीएसटीसह ३,३०४. कंपनीच्या कामगार पतपेढीचं किंवा सोनेतारण कर्ज १२ टक्क्यांनी मिळालं तर तेवढ्याच रकमेचं व्याज ८०० होतं. कार्ड बाजूला ठेवा, स्वस्त कर्ज काढून बाकी एकदाच शून्य करा आणि नव्या कर्जाचे हप्ते पगाराच्या दुसऱ्या दिवशी लावा. एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डाने भरत राहणं हा मार्ग नाही. ‘सेटलमेंट’ करून कमी पैशांत मिटवायची बँकेची ऑफर आली तर त्याची नोंद सिबिलवर ‘सेटल्ड’ म्हणून राहते आणि पुढच्या गृहकर्जाला आडवी येते. दुसरा इलाज उरला नसेल तेव्हाच ती घ्या. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही. नातेवाइकांसमोर अपमान करणं, धमकावणं हे तर मुळीच चालत नाही. तारीख, वेळ आणि नंबर लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

कार्ड बंद करायचं असेल तर आधी बाकी शून्य करा, त्यावर चालू असलेली ओटीटीची किंवा विम्याची आपोआप जाणारी वर्गणी थांबवा, मग ॲपमधून किंवा ईमेलने विनंती द्या. बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केलं पाहिजे. बाकी नसताना उशीर केला तर दर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला देणं तिला बंधनकारक आहे. खातं बंद झाल्याचं पत्र मागून घ्या, आणि महिन्या-दीड महिन्याने सिबिलचा अहवाल उघडून त्या कार्डासमोर ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य लिहिलंय ना, ते पाहा.